गाडीच्या आधी निरोप पोचला पाहिजे

अपघाताची बातमी कानावर आली की आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ॲम्ब्युलन्स किती मिनिटांत आली? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याइतकाच मोलाचा दुसरा एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. गाडी कॅज्युअल्टीच्या दारात थांबली, तेव्हा आतल्या डॉक्टरांना काय काय ठाऊक होतं?

मला हा प्रश्न पडला तो माझ्या मामांमुळे. काही वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यातल्या आमच्या आजोळी ते माडावरून पडले. शेजाऱ्यांनी त्यांना उचललं, जीपच्या मागच्या सीटवर घातलं आणि सुसाट इस्पितळ गाठलं. मी दारातच उभा होतो. डॉक्टर विचारू लागले: किती उंचीवरून पडले? पाठीवर की डोक्यावर? पडल्या पडल्या पाय हलवत होते का? मध्ये शुद्ध हरपली होती का? जीपमधून आलेल्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. चौघांपैकी एकानेही त्यांना पडताना पाहिलं नव्हतं.

तेव्हा मला ते प्रश्न वेळकाढूपणाचे वाटले होते. आज त्यांचा अर्थ कळतो. पडल्यावर पाय हलत होते आणि आता हलत नाहीत, तर मणक्याची इजा वाढत चालली आहे. माणूस आधी बेशुद्ध पडला, मग शुद्धीवर येऊन बोलला आणि आता पुन्हा गुंगतोय, तर कवटीच्या आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता मोठी. म्हणजे रुग्ण समोर असला तरी अर्धं निदान घटनास्थळी राहिलेलं असतं. इस्पितळाला शरीर दिसतं, जागा दिसत नाही. ती जागा पाहिलेला प्रशिक्षित माणूस एकच, तो म्हणजे ॲम्ब्युलन्सवाला.

गोव्यात १०८ची सेवा २००८ साली सुरू झाली. गाडीत दोघे असतात. चालवणाऱ्याला या सेवेत पायलट म्हणतात आणि रुग्णाला सांभाळणाऱ्याला ईएमटी. आपण त्यांच्याकडे ‘घेऊन जाणारे लोक’ म्हणून पाहतो. त्यांचं निम्मं काम बातमीदाराचं आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

ही बातमी द्यायची एक रीत आहे. जगभर तिचे वेगवेगळे साचे आहेत. त्यांतला एक ‘मिस्ट’ नावाने ओळखला जातो. त्यात चारच गोष्टी येतात: काय घडलं, कुठे लागलं, नाडी-श्वास-रक्तदाब कसा आहे, आणि आतापर्यंत काय दिलं. ऐकायला ते साधारण असं असतं: “पुरुष, वय अंदाजे पस्तीस. दुचाकीची कारला समोरून धडक, हेल्मेट नव्हतं. उजवी मांडी मोडलेली, पोट ताठ लागतंय. नाडी एकशे तीस, रक्तदाब नव्वद. मांडीला आधार बांधलाय, सलाईन चालू, ऑक्सिजन चालू.” अर्ध्या मिनिटात सगळं सांगून होतं. ‘पोट ताठ’ आणि ‘रक्तदाब नव्वद’ हे दोन शब्द ऐकताच सर्जनला कळतं की दिसणारी मोडलेली मांडी दुय्यम आहे, खरा धोका पोटाच्या आत आहे.

या अर्ध्या मिनिटात बाकीच्यांनी काय करायचं? काहीच नाही, फक्त ऐकायचं. चांगल्या कॅज्युअल्टीत हा नियमच असतो. रुग्णाचा श्वास थांबलेला नसेल, रक्ताची धार लागलेली नसेल, तर सोपवणूक पूर्ण होईपर्यंत कुणी हात लावत नाही. एकजण कपडे कापतोय, दुसरी शीर शोधतेय, तिसरा नाव विचारतोय आणि त्या गलबल्यात ईएमटी बोलतोय, असं झालं तर त्याचं बोलणं हवेत विरतं. मग तासाभराने कुणीतरी विचारतं, याला आधी वेदनाशामक दिलं होतं का? तोवर ती गाडी दुसऱ्या कॉलवर निघून गेलेली असते.

हीच माहिती दारात न देता वाटेतूनच दिली तर हाती दहा-पंधरा मिनिटं येतात. तेवढ्यात रक्तपेढीला कळवता येतं, भूलतज्ज्ञाला बोलावता येतं, सीटी स्कॅनचं टेबल मोकळं ठेवता येतं, व्हेंटिलेटर लावून ठेवता येतो. गोव्यात याचा चांगला नमुना रोजच्या कामात आहे, तो हृदयविकाराच्या झटक्याचा. ‘स्टेमी गोवा’ या योजनेत छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी जवळच्या सरकारी इस्पितळात काढतात आणि तो लगेच बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातल्या, हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो. तिथून होकार आला की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच इस्पितळात देतात आणि मग रुग्णाला पुढे हलवतात. रुग्ण अजून काणकोणात किंवा वाळपईत असतो आणि त्याच्या हृदयाची रेघ बांबोळीत वाचून झालेली असते. रुग्णाच्या आधी निरोप पोचणं म्हणजे काय, ते यातून कळतं.

आता एकाच्या जागी पन्नास रुग्ण धरा.

३ मे २०२५च्या पहाटे शिरगावात श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. किमान सहा भाविकांचा जीव गेला, कित्येक डझन जखमी झाले. जखमींना म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात आणि गोमेकॉत हलवावं लागलं. व्रत पाळून आलेले धोंड, अंधार, उतरती अरुंद वाट, हजारोंची गर्दी. डिचोली तालुक्यातला कुणीही सांगेल की जत्रेच्या रात्री त्या रस्त्यांवरून दुचाकी काढणंही कठीण. अशा ठिकाणी गाडी पोचली, तरी पहिला प्रश्न उभा राहतो: आधी कुणाला न्यायचं?

उत्तर मनाला पटायला जड जातं, म्हणून सावकाश सांगतो. अनेक जखमी एका वेळी असले की ईएमटीने पहिल्या जखमीजवळ थांबून उपचार करत बसायचं नसतं. त्याने सगळ्यांना भराभर बघून चार रंगांत वाटायचं असतं. या वाटणीला ट्रायेज म्हणतात. सर्वांत रुळलेली पद्धत १९८३ साली कॅलिफोर्नियात बसवली गेली, तिचं नाव ‘स्टार्ट’. तिला एका जखमीमागे मिनिटभरही लागत नाही. आधी मोठ्याने सांगायचं, ज्यांना चालता येतं त्यांनी त्या बाजूला या. जे आले ते हिरवे. उरलेल्यांचा श्वास बघायचा. श्वास नसेल तर मान नीट करून वाट मोकळी करायची. तरीही नसेल तर काळा, परत आला तर लाल. श्वास मिनिटाला तीसहून जास्त असेल तर लाल. मनगटाला नाडी लागत नसेल तर लाल. ‘माझा हात दाब’ एवढं सांगूनही कळत नसेल तर लाल. यांत न बसलेले पिवळे. त्यांना इस्पितळ लागेल, पण थोडं थांबता येईल. आधी जाणार ते लाल.

जो सगळ्यांत मोठ्याने विव्हळतोय, तो बहुधा लाल नसतो. ओरडायलाही श्वास लागतो. चेंगराचेंगरीत तर हे फारच खरं आहे, कारण तिथे बहुतेक मृत्यू तुडवले जाऊन होत नाहीत, उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात. असा माणूस गप्प असतो, अंगावर ओरखडाही नसतो. नातेवाईक रक्ताळलेल्या भावाला पुढे ढकलत असताना त्या गप्प पडलेल्या परक्या माणसाला आधी उचलायचं, हे किती अवघड काम आहे याची कल्पना करा. त्यासाठी शिव्या खाणाऱ्या त्या पोरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

इस्पितळाच्या दारात हीच वाटणी पुन्हा करावी लागते, कारण वाटेत पिवळा लाल होतो. पण दुसरी वाटणी कोऱ्या पाटीवर होता कामा नये. मनगटाला बांधलेली रंगाची पट्टी, तिच्यावर वेळ आणि नाडीचा आकडा, एवढं जरी सोबत आलं तरी डॉक्टरला कळतं की वीस मिनिटांपूर्वी हा माणूस कसा होता. बिघडत चाललेला माणूस ओळखायला दोन आकडे लागतात, एकाने भागत नाही.

आता अशी गोष्ट सांगतो जी बहुतेकांना उलटी वाटेल. मोठ्या दुर्घटनेत इस्पितळात सर्वांत आधी सर्वांत गंभीर जखमी पोचत नाहीत. आधी येतात ते चालू शकणारे. कुणाच्या कारमधून, भाड्याच्या स्कूटरवर, दुचाकी टॅक्सीवर, मिळेल त्या वाहनाने. गंभीर जखमींना ढिगाऱ्यातून, गर्दीतून, पाण्यातून काढायला वेळ लागतो, म्हणून ते मागून ॲम्ब्युलन्सने येतात. तोवर जवळच्या इस्पितळातल्या खाटा खरचटलेल्या, मुरगळलेल्या लोकांनी भरून गेलेल्या असतात. घटनास्थळावरून ‘लाल बारा आहेत, अजून निघायचेत’ असा निरोप आधी आला असेल, तरच कॅज्युअल्टीचा प्रमुख हिरव्यांना ओपीडीच्या बाकांवर बसवून आतली जागा राखू शकतो. निरोप नसेल तर समोर जो आला त्याला तो खाट देणारच; त्याला दोष कसा द्यायचा?

याचं सर्वांत बोलकं उदाहरण टोकियोचं आहे. २० मार्च १९९५ला तिथल्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला गेला. सेंट ल्यूक्स या एकाच इस्पितळात त्या दिवशी ६४० रुग्ण आले, त्यांतले बहुतेक ॲम्ब्युलन्सशिवाय. सुरुवातीला आलेले निरोप चुकीचे होते, त्यांतला एक दुसऱ्याच रसायनाचा. कपड्यांत वायू घेऊन लोक आत शिरले आणि तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही त्रास होऊ लागला. आदल्या वर्षी मात्सुमोतो शहरात अशीच विषबाधा तपासलेल्या डॉक्टरांनी लक्षणं ओळखून फोन केला, त्याने योग्य औषधाची दिशा मिळायला मदत झाली. सगळी यंत्रणा धावत होती, पण नेमका शब्द पोचायला काही तास लागले.

टोकियो लांब आहे, असं म्हणायची सोय आपल्याला नाही. जानेवारी २०१८मध्ये चिखलीजवळ अमोनियाचा टँकर उलटला आणि आसपासच्या लोकांना अपरात्री घरं सोडावी लागली. मुरगावात बंदर आहे, रसायनं घेऊन जाणाऱ्या गाड्या रोज महामार्गावरून धावतात. अमोनियाच्या रुग्णाला आत घेण्याआधी त्याचे कपडे काढून अंग भरपूर पाण्याने धुवायला हवं. हे दाराबाहेर करायचं काम आहे आणि त्यासाठी नळ, आडोसा, माणसं आधी तयार लागतात. ‘टँकर उलटला, जखमी आणतोय’ आणि ‘अमोनियाचा टँकर उलटला, जखमी आणतोय’ यांत एकाच शब्दाचा फरक आहे.

असे एकेक शब्द आणखीही आहेत. हडफड्याला डिसेंबर २०२५मध्ये नाइट क्लबला आग लागून २५ जणांचा जीव गेला. वाट इतकी अरुंद की अग्निशमनाचे बंब लांबच उभे करावे लागले. आगीतल्या रुग्णाबद्दल इस्पितळाला सर्वांत आधी हवी असणारी माहिती म्हणजे तो बंद खोलीत सापडला की उघड्यावर. बंद जागेतल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्ताला चिकटतो आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर त्यालाच ऑक्सिजन समजतं. यंत्र ९८ दाखवतं आणि माणूस आतून गुदमरत असतो. अंगावर भाजल्याची एक खूण नाही, आकडा उत्तम. अशा माणसाला बाकावर बसवून ठेवणं अगदी सहज होईल. ‘तळघरात सापडला’ एवढं ईएमटीने सांगितलं, तर त्याच माणसाला ताबडतोब पूर्ण ऑक्सिजनवर घेतलं जातं.

किंवा इमारत कोसळण्याचं घ्या. ४ जानेवारी २०१४ला काणकोणात चावडीला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, तीसहून अधिक जण गेले. असे जखमी एकदम येत नाहीत, तासातासाने, दिवसादिवसाने एकेक निघतात. ज्याच्या मांडीवर काही तास स्लॅब आहे, त्याला स्लॅब उचलताच बरं वाटेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दाब सुटला की चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं. पुढे मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून सलाईन स्लॅब उचलण्याआधीच, ढिगाऱ्यातच सुरू करायचं असतं. इथे तिघांचं एकमत लागतं. अग्निशमनाचा जवान ‘आता उचलतोय’ म्हणाला पाहिजे, ईएमटी ‘दोन मिनिटं थांब’ म्हणू शकला पाहिजे, आणि इस्पितळात ‘सहा तास अडकलेला आहे, डायलिसिस तयार ठेवा’ हा फोन गेला पाहिजे. त्यातला ‘सहा तास’ हा आकडा रुग्णाच्या अंगावर कुठेही लिहिलेला नसतो.

आता न्यायचं कुठे? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर सवयीने एकच, बांबोळी. हे समजण्यासारखं आहे. मेंदूची शस्त्रक्रिया, हृदय, गंभीर दुखापत, सगळ्यांची तिथे सोय आहे. पण शेकडो जखमींत सगळेच बांबोळीला नेले, तर दुर्घटना फक्त जागा बदलते. जत्रेतली गर्दी कॅज्युअल्टीच्या दारात येते. म्हापसा, मडगाव, फोंडा, चिखली, डिचोली, साखळी, कुडचडे, काणकोण, प्रत्येक इस्पितळाला काही ना काही पेलतं. पिवळे आणि हिरवे तिथे थांबले तर बांबोळीचे हात लालसाठी मोकळे राहतात. पण यासाठी आत्ता या क्षणी कुठे किती खाटा आहेत, ऑर्थोपेडिक सर्जन हजर आहे की नाही, हे एका जागी कळायला हवं. पाचव्या गाडीच्या ईएमटीला पहिल्या चार गाड्या कुठे गेल्या हे दिसत नसतं. वाटप नियंत्रण कक्षाने करायचं, गाडीने नाही.

त्यात गोव्याचा भूगोल. नवा झुआरी पूल झाल्यापासून दक्षिणेचा रस्ता सुसह्य झाला, पण काणकोणहून येताना करमल घाट आहेच. दिवाडीच्या रुग्णाला आजही फेरीबोट लागते. तिथे निरोप आधी फेरीच्या धक्क्याला जायला हवा, नाहीतर बोट पैलतीरी असते. डोंगरी गावांत रेंज नसते आणि जत्रेत सगळेच एकदम फोन लावतात म्हणून लाईन मिळत नाही. वॉकीटॉकी जुनी वाटते, पण अशा रात्री तीच चालते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर माझा विश्वास नाही. रोजच्या खाटांच्या हिशोबाला तो ठीक आहे, पण संकटात तिथे शंभर मेसेज पडतात आणि नेमका कोणता कुणी वाचला हे कुणालाच माहीत नसतं. घटनास्थळी बोलणारा एक, इस्पितळात ऐकणारा एक, मध्ये नियंत्रण कक्ष. ऐकणाऱ्याने ऐकलेलं उलट म्हणून दाखवायचं. रेल्वेवाले हे पूर्वापार करत आले आहेत.

ट्रॉलीची गोष्ट बारीक आहे, पण तिच्यापायी मोठं नुकसान होतं. रुग्ण ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवर येतो. आत खाट नसली तर त्याच स्ट्रेचरवर पडून राहतो. स्ट्रेचर आत म्हणजे गाडी बाहेर अडकलेली. दारात चार गाड्या अशा उभ्या आहेत आणि तिकडे लाल पट्टीचे चौघे रस्त्याकडेला पडलेत, हे दृश्य कुठल्याही मोठ्या दुर्घटनेत होऊ शकतं. उपाय फार महागडा नाही: कॅज्युअल्टीच्या दाराशी जादा स्ट्रेचर, चादरी, ऑक्सिजनचे सिलिंडर, आणि गाडी रिकामी करून परत पाठवणं एवढंच काम असलेला एक माणूस.

विमानतळांवर आंतरराष्ट्रीय नियमानुसार दोन वर्षांतून किमान एकदा पूर्ण सराव घ्यावा लागतो. दाबोळी आणि मोपाही त्याला अपवाद नाहीत. आपल्याकडच्या सरावांत मला एक खटकतं. धूर, बंब, स्ट्रेचर, सायरन, गाडी भर्रकन निघते आणि टाळ्या. खरं अवघड काम गाडी निघाल्यावर सुरू होतं. सराव कॅज्युअल्टीच्या आत संपायला हवा, आणि एखादा तरी पहाटे तीनला, ड्यूटी बदलायच्या वेळी, रजेच्या दिवशी घ्यायला हवा. ज्या ईएमटीने आणि नर्सने एकमेकांना कधी नावाने हाक मारलेली नाही, त्यांना त्या रात्री एकमेकांच्या शब्दावर विसंबायचं असतं.

आणि आपण? अपघात पाहिला तर १०८ला ठिकाण सांगताना खूण सांगा: कुठलं देऊळ, कुठला खुरीस (क्रूस), कुठला पेट्रोल पंप. फोन लगेच ठेवू नका, पलीकडचा विचारतो ते गाडीला कळत असतं. पोलिसांच्या ससेमिऱ्याला भिऊन बाजूला होऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. आणि ज्याने घडलेलं डोळ्यांनी पाहिलं, त्याला रुग्णासोबत पाठवा. नातेवाईक नंतर आला तरी चालेल.

मामा वाचले. आता काठी घेऊन अंगणात फिरतात. त्यांना पडताना पाहिलं होतं ते खाली नारळ गोळा करणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाने. तो लहान म्हणून त्याला कुणी जीपमध्ये घेतलं नाही, आणि कुणी काही विचारलंही नाही.